नळीचा पीळ : पूर्णा गावातल्या एका गुंत्याचा इतिहास



फलकावर आजचा विषय वाचून बरेच जण हसले, असं आमच्या कानावर आलं. काचा धुवायच्या नळीचा गुंता, आणि त्याचा म्हणे इतिहास! इतिहास म्हणजे गड, तह, लढाया. त्यात ही प्लास्टिकची नळी कुठून आली? हसलात ते बरंच झालं, कारण आम्हीही सुरुवातीला हसलोच होतो. पण गेले काही महिने या नळीमागे लागल्यावर असं दिसलं की तिचं एक टोक ॲमस्टरडॅमच्या कालव्यापाशी आहे आणि दुसरं इथंच, भिवंडीच्या यंत्रमागावर. मधली लांबी आज आपण उलगडायची आहे. ओढायची नाही, उलगडायची. या दोन शब्दांतला फरक हाच आजचा विषय.

बाहेरगावी आमचं व्याख्यान ऐकणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. आपण बोलतोय ते पूर्णा म्हणजे परभणी जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शन नव्हे, आणि विदर्भातली नदीही नव्हे. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात राहनाळ, काल्हेर, कशेळी, वळ, दापोडे अशी गावं एकमेकांना खेटून आहेत, त्यातलं हे पूर्णा. एके काळी इथं भातशेती होती. मग मुंबईची जकात आणि मुंबईतल्या जागेचे भाव, या दोघांनी मिळून इथं गोदामं उभी केली. माल जकातीच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा त्यातला हिशेब. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट मोठी झाली. पूर्वी पत्र्याची शेड आणि शटर एवढंच असायचं. आता काही ठिकाणी पुढच्या बाजूला तीन-चार मजल्यांची काचेची दर्शनी भिंत असते. आणि काच आली की ती धुणारा आला.

तर प्रसंग असा. आम्ही एका गोदामाच्या आवारात चहा घेत उभे होतो. दोन मुलं समोरची काच धुत होती. हातात लांब पोल, एकात एक सरकणारा, वर ब्रश, ब्रशातून पाणी, आणि पोलाच्या बुडातून निघालेली पिवळी नळी आवारभर पसरलेली. एका ट्रकच्या मागच्या चाकाखाली नळीची एक अढी गेली. वर पाणी थांबलं. पोल धरणाऱ्या मुलानं हिसका दिला. अढीची गाठ झाली. दुसरा हिसका दिला तेव्हा वीस-बावीस फूट उंचीचा पोल हातातून कलला आणि आवारावरून गेलेल्या विजेच्या तारांपासून हातभर अंतरावरून खाली आला.

कुणाला काही झालं नाही. मुकादम मात्र धावत आला. "सकाळपासून दुसऱ्यांदा! अर्धा दिवस नळी सोडवण्यातच घालवलास तू. पगारातून कापतो, मग लक्ष राहील." मुलगा काही बोलला नाही. खाली बसून गाठ सोडवायला लागला.

फाटकावर एक वयस्कर रखवालदार होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेलं, माग बंद पडल्यावर इथं आलेले. ते उठून मुलाजवळ गेले, नळीचं टोक हातात घेतलं आणि गाठीला हातही न लावता टोक बोटांत गरागरा फिरवू लागले. आठ-दहा वेळा फिरवलं असेल. जमिनीवरची नळी अंग सोडल्यासारखी सैल पडली. मुलाला ते हिंदीत म्हणाले, त्याचा अर्थ एवढाच : "बेटा, ही गाठ नाही. हा पीळ आहे. पीळ ओढून जात नाही."

पगार कापला गेला की नाही ते आम्हाला माहीत नाही. पण चाचांचं वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. मुकादमाच्या लेखी तो निष्काळजीपणा होता, चाचांच्या लेखी ती पिळाची बाब होती. दोघांपैकी बरोबर कोण, एवढाच आमचा प्रश्न होता.

आता नळी म्हणजे काय, इथून सुरुवात करू. पाणी वाहून न्यायला आपल्याकडे चामडं फार जुनं. भिस्त्याची पखाल आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पण पखाल ही पिशवी, नळी नव्हे. देशावर मात्र एक खरीखुरी चामड्याची नळी होती आणि ती शेकडो वर्षं रोज चालत होती : मोटेची सोंड. तुमच्यापैकी ज्यांचं आजोळ घाटावर आहे त्यांनी ती पाहिली असेल. मोटेच्या बुडाला चामड्याची लांब सोंड. मोट विहिरीत असताना ती वर वळलेली, म्हणून पाणी सांडत नाही. मोट वर आली की सोंड पुढे थारोळ्यात ओढली जाते आणि पाणी आपोआप ओतलं जातं. मोटेला दोन दोर. जाड नाडा मोटेला, तो वरच्या चाकावरून. बारीक सोंदूर सोंडेला, तो खालच्या कण्यावरून. दोन दोर, दोन वेगळ्या वाटा, आणि दिवसभरात शेकडो फेऱ्या.

कधी विचार केलात, हे दोन दोर एकमेकांत का गुंतत नव्हते? एक कारण म्हणजे वाटा वेगळ्या. दुसरं कारण अधिक गमतीचं आहे. बैल धावेवरून खाली उतरायचे आणि परत वर येताना बऱ्याच ठिकाणी मागं मागं पावलं टाकत यायचे. वळायचे नाहीत. बैल प्रत्येक फेरीत त्याच बाजूनं गोल वळले असते, तर दर फेरीला दोन्ही दोरांचा एकमेकांभोवती एक वेढा पडला असता. मोटकऱ्यानं हे कुठं लिहून ठेवलं नाही. बैलाला उलटं चालायला शिकवलं, झालं.

युरोपात नळीची गोष्ट एका चित्रकारापाशी सुरू होते. यान फान डेर हेडन, जन्म १६३७, ॲमस्टरडॅमचा. शहराची चित्रं काढायचा, आणि इतकी बारीक की भिंतीतली वीट न् वीट मोजावी. या माणसाला आगीचं वेड होतं. त्या काळचा बंब म्हणजे हौद, दांडा आणि वर ताठ तोटी. बंब आगीच्या तोंडाशी नेल्याशिवाय पाणी पोचत नसे, आणि आग आतल्या खोलीत असेल तर बाहेरची भिंत भिजवून काय होणार? फान डेर हेडन आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी १६७२-७३ च्या सुमारास बंबाला शिवलेल्या चामड्याची लवचीक नळी जोडली. पाणी जिना चढून आत जाऊ लागलं. १६९० मध्ये त्यानं या बंबांवर चित्रांसहित पुस्तक काढलं. या नळीला डच लोक म्हणू लागले 'स्लांग', म्हणजे साप.

आणि आपण नळीच्या गोल चवडीला काय म्हणतो? वेटोळं. तेही सापाचंच. डच माणसाचा आणि आपला काही संबंध नसताना दोघांनाही एकच जनावर आठवलं.

पुढची दोनशे वर्षं भराभर पार करू. शिवण उसवते म्हणून १८०७-०८ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाला चामड्याच्या कडा तांब्याच्या रिव्हेटांनी जोडल्या. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर पक्कं करायची युक्ती सापडली. १८७० मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला गुडरिच कंपनी सुरू झाली ती टायर विकून नव्हे, आगीच्या बंबाच्या नळ्या विकून : आत रबर, बाहेर सुती विणकाम. हे विणकाम लक्षात ठेवा. बंबाची नळी म्हणजे ताण्याबाण्यात विणलेलं नळकांडीसारखं कापड असतं. भिवंडीकराला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता आपल्या काचेवाल्याकडे. पोलातून पाणी वर न्यायची पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकापासून होती. तिला खरा जोर आला तो ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात, कारण तिथं पाण्यातले क्षार पूर्ण काढून टाकलेलं पाणी वापरायला सुरुवात झाली. साध्या पाण्याचा थेंब काचेवर वाळला की पांढरा डाग उरतो. आपल्या बोअरवेलच्या पाण्याची बादली वाळवून बघा. क्षारच नसतील तर डाग कशाचा राहणार? पुसायलाच नको. म्हणजे शिडी नको, माणूस वर नको. ६ एप्रिल २००५ पासून ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नवे नियम लागू झाले. टाळता येत असेल तर माणसाला वर पाठवूच नका, असं ते नियम सांगतात. त्यामुळे पोल तिकडे घरोघर पोचला. म्हणजे हे मुळात माणसाचा जीव वाचवणारं हत्यार आहे. आमची तक्रार पोलाबद्दल नाही. पोल आला, नळी आली, पण नळी कशी वागते ते सांगणारं कुणी सोबत आलं नाही.

नळी गुंतते का? तुमच्या घरी जुना टेलिफोन होता, त्याची गुंडाळीची वायर आठवा. फोन घेताना उजव्या हातानं उचलायचा, बोलताना डाव्या कानाला न्यायचा, ठेवताना पुन्हा तसाच. महिन्याभरात त्या वायरीचा असा काही गोळा व्हायचा की फोन कानापर्यंत यायचा नाही. कुणी मुद्दाम गुंतवत नव्हतं. प्रत्येक वेळी एक पीळ पडत होता, आणि पीळ साठत होते.

नळीचंही तेच. जमिनीवर नळीचं एक वेटोळं घाला, दुसरं त्याच्यावर, तिसरं त्याच्यावर, सगळी एकाच दिशेनं. आता वरचं टोक धरून सरळ ओढा. प्रत्येक वेटोळं सरळ होताना नळीच्या अंगात एक पूर्ण पीळ सोडून जातं. आकडा हवा असेल तर घ्या : वेटोळ्याचा व्यास ३० सेंटीमीटर धरला तर एका वेटोळ्याची लांबी सुमारे ९४ सेंटीमीटर. ५० मीटर नळीत अशी त्रेपन्न वेटोळी. म्हणजे नुसतं टोक धरून ओढलं तर नळीत त्रेपन्न पीळ भरले. नळीला ते सोसत नाहीत. ती ते अढी करून बाहेर टाकते. अढी ओढली की मोड पडते, मोड पडली की पाणी बंद. गणितज्ञांनी १९६० च्या आसपास याचा रीतसर सिद्धान्त मांडला, आणि १९७१ मध्ये ब्रॉक फुलर या गणितज्ञानं तोच हिशेब पेशीतल्या डीएनएच्या धाग्यालाही लावला. त्याचा सारांश आपल्या भाषेत असा की, दोन्ही टोकं धरलेली असतील तर पीळ आणि वेटोळं यांची बेरीज बदलत नाही. एक कमी केलंत तर दुसरं वाढतं. म्हणून चाचांनी गाठ सोडली नाही, टोक सोडलं. टोक फिरवल्याशिवाय बेरीज बदलत नाही.

मग चाचांना हे कुठून कळलं? ते काही फुलर वाचून आले नव्हते. आता आपण मागावर येतो.

भिवंडीत विणकर आले, त्यातले पुष्कळ १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन अन्सारी, नंतर आंध्र-तेलंगणाकडचे पद्मशाली. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि हे गाव देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक बनलं. मागाचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागावर काम करणाऱ्याचा खरा वेळ कशात जातो? सुतात. सूत तुटलं, सूत सैल पडलं, सूत गुंतलं. पीळ जास्त असलेलं सूत जरा सैल सोडा, ते स्वतःभोवतीच वळून बारीक अढी करतं, आणि ती अढी कापडात गेली की माल खराब. नळीची अढी आणि सुताची अढी ही एकच गोष्ट, फक्त जाडी वेगळी.

आता धोट्यातली कांडी बघा. कांडीवरून सूत उतरवायच्या दोन रीती. जुन्या हातमागाच्या धोट्यात कांडी स्वतः फिरायची. सूत बाजूनं सुटायचं. यात पीळ पडत नाही. पण धोटा जोरात जाऊन एकदम थांबला की कांडी मात्र फिरतच राहते, जादा सूत सुटतं आणि गुंततं. इंग्लंडात जॉन के यानं १७३३ मध्ये फ्लाय शटलचं पेटंट घेतलं. त्या वेगवान धोट्यात कांडी घट्ट बसवलेली, फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून निघतं. थांबलं की थांबलं. जादा सूत सुटायचा प्रश्नच नाही. पण दर वेढ्याला एक पीळ पडतो.

म्हणजे फिरतं ठेवलंत तर पीळ नाही, पण झोल पडतो. स्थिर ठेवलंत तर झोल नाही, पण पीळ पडतो. विणकरांनी स्थिर कांडी निवडली, कारण सुताला पीळ परवडतो. कांडी दोन सेंटीमीटर जाडीची धरली तर मीटरमागे पंधरा-सोळा पीळ वाढतात किंवा कमी होतात. सुतात मुळातच मीटरमागे कित्येक शे पीळ असतात. त्याला काय फरक पडतो?

नळीला मात्र एकही परवडत नाही. म्हणून नळीवाल्यानं उलट निवड करायला हवी : फिरतं रीळ. आणि फिरतं रीळ घेतलं की त्याच्यासोबत हातमागाचा जुना दोषही आला. पोलवाला चालता चालता थांबला, रीळ फिरतच राहिलं, दहा हात नळी सैल होऊन पायाशी पडली. उपाय म्हणजे रिळाला ब्रेक. फार काही नाही, दांड्यावर घासणारी एक पट्टी. आमच्या पाहणीत आवारात जी रिळं दिसली त्यातल्या निम्म्यांना ब्रेक नव्हता, आणि काही ठिकाणी तर रीळच नव्हतं. नळी ड्रमवर नुसती चढवून ठेवलेली आणि मुलं ती वरून टोक धरून ओढत होती. म्हणजे काचेला कांडीची रीत. चाचांनी ते पाहिलं असणार आणि त्यांना त्यात मागच दिसला असणार.

इथं एक गोष्ट आम्हाला टोचते, ती बोलून टाकतो. माग गेले, गोदामं आली, असं आपण म्हणतो, जणू एक दुकान बंद झालं आणि शेजारी दुसरं उघडलं. पण मागावर चाळीस वर्षं घालवलेला माणूस फाटकावर बसवला गेला, आणि त्याला जे येतं तेच न येणारा मुलगा आत पगार कापून घेत होता. दोघांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं. कामाचं शहाणपण हातात असतं, प्रमाणपत्रात नसतं. म्हणून ते नोकरीच्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं, हे कुणालाच कळत नाही.

बंबाची गोष्ट अर्धी राहिली, कारण पूर्ण्याच्या आसपास नळी म्हटलं की काचेआधी आग आठवते. या गोदामपट्ट्यात आगी लागतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. बंबवाल्यांची नळी चपटी, कापडी. ते ती वेटोळ्यात ठेवत नाहीत. मधोमध दुमडतात आणि दुमडीपासून गुंडाळत नेतात, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर हाताशी राहतात. फेकली की सरळ पसरते, पीळ शून्य. कारण पाणी भरल्यावर मग काही करता येत नाही. ६३ मिलीमीटरच्या पंधरा मीटर नळीत सुमारे सत्तेचाळीस किलो पाणी असतं. त्या अजगराला पीळ पडला तर तो कोण सोडवणार? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाला आग लागली. त्याच जहाजात स्फोटकं होती. जवानांनी जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला तेव्हा ते नळ्या धरून उभेच होते. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्यासाठी. त्या सप्ताहात कवायती होतात, तेव्हा नळी टाकायची आणि गुंडाळायची कवायत एकदा थांबून नक्की बघा. आपल्या काचेवाल्या मुलांनी तर बघावीच.

काचेच्या नळीला पाण्याचं वजन फार नाही. आठ मिलीमीटर पोटाच्या शंभर मीटर नळीत पाच लिटर. पण पूर्णा गावातलं ऊन आहे. एप्रिल-मेच्या दुपारी काँक्रीटवर पडलेली पीव्हीसी नळी मऊ होते आणि थोड्या पिळालाही मोडते. म्हणून लांब काम सकाळी उरकावं. ट्रकच्या चाकापुढे लाकडी पाचर ठेवली तर नळी चाकाखाली न जाता पाचरीवरून सरकते. पोल ॲल्युमिनियमचा असो की कार्बन फायबरचा, दोन्हींतून वीज वाहते; तारा असलेल्या बाजूला पोल उभारायचाच नाही, मग मुकादम काहीही म्हणो. आणि टाकीभोवती फिरताना ज्या बाजूनं गेलात त्याच बाजूनं परत या. टाकीला पूर्ण फेरी मारली की नळीत एक पीळ भरलाच. प्रदक्षिणा देवाला घालावी, टाकीला नाही.

रीळ नसेल तर? आकडा आठ. एक वेटोळं उजवीकडे, पुढचं डावीकडे. उजव्याचा पीळ डाव्यानं फिटतो. दोर जपणाऱ्यांनाही ही रीत पाठ असते, आणि आपली खाडी काही दोरांना नवी नाही; १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं याच खाडीकाठी बांधायला घेतली गेली.

प्रश्न असतील तर ते बाहेर घेऊ, कारण आम्ही पन्नास मीटर नळी सोबत आणली आहे आणि ती या खोलीत मावणार नाही. मागच्या अंगणात चला. चाचा आज आले आहेत. तेच दाखवणार आहेत, आम्ही फक्त पीळ मोजणार. दोन जण पुढे या, चपला काढून. आणि एकानं नळाजवळ उभं राहा, सांगितल्याशिवाय पाणी सोडू नका.